तारेला लावलेली पत्रे

पोस्टाने आलेले पत्र घरातील कर्त्या माणसाने सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने वाचले, त्यातील नमस्कार आणि आशीर्वाद ज्याचे त्याला पोचते झाले, उत्तर कधी आणि काय लिहावयाचे हे ठरले, म्हणजे ते पत्र माजघराच्या दाराशेजारी खिळ्याला अडकवलेल्या लोखंडी तारेला टोचून ठेवावयाचे, ही रीत महाराष्ट्रातील लिहित्यावाचत्या घरांतून एके काळी इतकी सार्वत्रिक होती, की ती कोणी कोणाला मुद्दाम शिकवली असेल असे वाटत नाही. हातभर लांबीची जाड तार, तिचे वरचे टोक आकड्यासारखे वळवून अणकुचीदार केलेले, आणि खालच्या टोकाला कागद निसटू नयेत म्हणून लाकडाची चकती किंवा तारेचेच वेटोळे, एवढेच ते साधन. आमच्या घरी अशा दोन तारा होत्या. एक भिंतीवर, चालू वर्षांची. दुसरी माळ्यावर, मोडक्या पाळण्याशेजारी, धुळीने आणि गंजाने एकजीव झालेली. घर पाडावयाचे ठरले त्या वर्षी ही दुसरी तार खाली उतरली, आणि तिच्यावरील कागद एकेक करून सोडवताना सामान्य माणसांच्या इतिहासाच्या साधनांविषयी ज्या गोष्टी माझ्या ध्यानात आल्या, त्या येथे मांडावयाच्या आहेत.

तारेचा पहिला गुण असा, की ती निवड करीत नाही. दफ्तरखान्यात कागद दाखल होतो तेव्हा तो कोणत्या रुमालात बांधावा, कोणता जतन करावा आणि कोणता नष्ट करावा, याचा निर्णय कोणी कारकून करतो, आणि तो निर्णय सरकारच्या गरजेप्रमाणे होतो. तारेवर मात्र मामेबहिणीच्या लग्नाची कुंकुमपत्रिका, शेतसारा भरल्याची पावती, वाण्याच्या उधारीची याद, मनिऑर्डरीची पोच, नोकरीच्या शोधात मुंबईला गेलेल्या धाकट्या दिराचे खोली मिळाल्याची आणि खाणावळीच्या दराची हकिगत कळवणारे कार्ड, ही सर्व ज्या क्रमाने घरात आली त्याच क्रमाने एकावर एक बसलेली असतात. हा क्रम हाच पुरावा आहे. ज्या कार्डावर तारीख नाही आणि ज्यावरचा टपालाचा शिक्का पुसट झाला आहे, त्याचा काळ त्याच्या खालच्या आणि वरच्या कागदावरून ठरतो; म्हणून तारेवरचे कागद हौसेने विषयवार लावावयास बसणारा मनुष्य त्या तारेचे निम्मे मोल एका दुपारीत घालवतो. मी स्वतः पहिली पंधरा-वीस पत्रे अशीच सोडवून, लग्नाची एकीकडे आणि व्यवहाराची एकीकडे, अशी लावली होती. त्यांचा मूळ क्रम मला पुन्हा कधीच जुळवता आला नाही, आणि ती रुखरुख अजून आहे.

निवड न करणारी ही तार एका बाबतीत मात्र कडक होती. मृत्यूची वार्ता कळवणारे पत्र तिला लागत नसे. अशा पत्राच्या माथ्यावर 'श्री' नसे, पुष्कळदा कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि ते हाती पडताच वाचणाराला मजकुराच्या आधी अर्थ कळे. ते वाचून लगेच फाडून टाकावयाचे, घरात ठेवावयाचे नाही, आणि ज्यांना सुतक लागत असेल त्यांनी स्नान करावयाचे, असा आचार होता. त्यामुळे तारेवर बारशी, मुंजी, लग्ने, बाळंतपणे, बदल्या, परीक्षांचे निकाल, आंब्याची करंडी पोचल्याची खबर, हे सर्व असते, मरण नसते. १८९६ च्या सुमारास प्लेगाने मुंबई गाठली आणि पुढे गावेच्या गावे घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहिली, १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या तापाने घरटी माणसे नेली, त्या काळातील तारादेखील मरणाविषयी मुक्या आहेत. हा मूकपणा का आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो या पत्रांवरून त्या काळाचे भलतेच प्रसन्न चित्र काढील.

परंतु जे मजकुरातून वगळले ते मायन्यातून डोकावते. मराठी पत्राचा मायना म्हणजे नात्यागोत्याची, वयाची आणि अवस्थेची एक काटेकोर नोंदच होय. वडिलांस 'तीर्थरूप', वडिलांसमान असणाऱ्या इतरांस 'तीर्थस्वरूप', धाकट्यास 'चिरंजीव', परक्या गृहस्थास 'राजमान्य राजश्री', सवाष्ण स्त्रीस 'सौभाग्यवती' आणि विधवेस 'गंगाभागीरथी', ही विशेषणे चुकली तर लिहिणाराचे उणे निघे. आता एखाद्या कार्डाच्या शेवटी 'सौ. आक्काने सर्वांस नमस्कार सांगितला आहे' असे वाक्य असते, आणि त्याच्यावरच्या चौथ्या-पाचव्या कार्डात, त्याच हस्ताक्षरात, त्याच गावाहून, 'गं. भा. आक्का सध्या येथेच आहे' असे येते. या दोन कार्डांच्या मध्ये एक पत्र आले होते आणि ते फाडले गेले. त्या रिकाम्या जागेचा काळ मागच्यापुढच्या कागदांवरून महिन्या-दोन महिन्यांपर्यंत निश्चित करता येतो, आणि मग त्या गावच्या मृत्युनोंदवहीत नेमकी कोणती पाने उघडावयाची ते कळते. जे पत्र उरलेच नाही त्याची तारीख उरलेल्या पत्रांनी सांगावी, हा अनुभव ज्याला एकदा आला तो जुन्या कार्डाला क्षुल्लक म्हणणार नाही.

हे लिहिणे घरोघर सुरू झाले ते एका पैशामुळे. पूर्वी पत्र पाठवावयाचे म्हणजे जासूद, सांडणीस्वार, किंवा त्या बाजूला जाणारा कोणी ओळखीचा मनुष्य यांच्यावर भिस्त. आणि ही सोय सरदार, सावकार, पेढीवाले यांना असे, इतरांना क्वचित. १८५४ साली टपालाची तिकिटे सर्व देशभर सुरू झाली आणि अंतर कितीही असले तरी दर एकच, असा नियम आला. पण खरा पालट १ जुलै १८७९ रोजी झाला. त्या दिवशी निघालेल्या पोस्टकार्डाची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा, होती, आणि हा दर चाळीस वर्षांहून अधिक काळ कायम राहून १९२२ साली अर्धा आणा झाला. एका पैशात येणारी ही जागा माणसांनी अशी वापरली आहे, की चारही कडांनी, पत्त्याच्या बाजूला, मायन्याच्या वरच्या मोकळ्या पट्टीतसुद्धा उलटी-आडवी अक्षरे भरलेली सापडतात. मात्र कार्ड उघडे. टपालवाला, शेजारी, शाळामास्तर, कोणीही ते वाचू शके, आणि ज्या घरांत वाचता येत नसे तेथे तर ते दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावे लागे. त्यामुळे भाऊबंदकी, कर्ज, मुलीचा सासुरवास, असले विषय आले की लेखणी थांबते आणि 'बाकी मजकूर समक्ष भेटीत' असे लिहून मोकळी होते. या चार शब्दांपाशी वाचकानेही थांबावे. त्या घराची जी खरी चिंता होती ती बहुधा तेथेच असते.

त्या काळची बरीचशी पत्रे मोडीत आहेत. छापावयास बालबोध आणि लिहावयास मोडी, अशी त्या वेळी वाटणी झालेली होती. पानावर आधी आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघांखाली अक्षरे लटकवीत जावयाचे; ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, शब्दाशब्दांत अंतर नाही. लिहिणाराच्या वेगाला ही लिपी फार सोयीची आणि परक्या वाचणाराला फार कठीण. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडीचे शिक्षण बंद पडत गेले, आणि दोनच पिढ्यांत अशी स्थिती आली, की आजोबांनी मराठीत लिहिलेले पत्र मराठी नातवाच्या हातात आहे आणि त्याला त्यातील एक ओळ लागत नाही. वाचता न येणारा कागद घरात फार दिवस राहत नाही. 'हे कसले आहे कोणास ठाऊक' या एका वाक्यासरशी जेवढी दफ्तरे रद्दीत गेली असतील, तेवढी आगीने आणि वाळवीनेही गेली नसतील, असे मला पुष्कळदा वाटते.

जुना कागद वाचवण्याची कळकळ महाराष्ट्राला नवी नाही. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' निघाला. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आणि १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून काढले. ही कथा आपल्याकडे अनेकदा सांगून झाली आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या तळघरांतून आणि देवळांच्या ओवऱ्यांतून, उंदरांनी कुरतडलेले आणि पावसाने भिजलेले रुमाल बाहेर काढले नसते, तर अठराव्या शतकाविषयी आपल्याला जे कळते त्याचा मोठा अंश कळला नसता. कारण वापरून झालेल्या कागदाचे घरात काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. तो पुड्या बांधावयास वाण्याकडे जातो, बंबात जातो, किंवा भिजवून, मेथ्या घालून, कुटून त्याचा लगदा होतो आणि घरातील स्त्रिया पातेल्यावर तो थापून त्याच्या टोपल्या करतात. अशा टोपल्या मी पाहिल्या आहेत. फार सुबक असत.

मात्र त्या पिढीला हवे होते ते राज्याचे कागद. राज्य गेलेल्या लोकांना आधी राज्याचाच इतिहास सापडावा असे वाटणे स्वाभाविक होते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही त्या धामधुमीत एका माणसाने दुसरी दिशा दाखवून ठेवली होती. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतून जे उतारे निवडले, त्यांना अनुलक्षून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली एक निबंध वाचला, आणि त्यात असे प्रतिपादन केले की बखरी काय आणि ग्रँट डफचा ग्रंथ काय, दोहोंतही लढाया आणि राजकारणे आहेत, परंतु लोक कसे राहत, काय मानत, कशात रमत, हे जाणावयाचे तर या रोजच्या नोंदींकडेच वळले पाहिजे. सूटतहकुबीचे हुकूम, दारूबंदीच्या ताकिदी, खासगी टांकसाळींचे परवाने, गुन्हेगारांच्या शिक्षा, यांतून त्यांना एक समाज दिसला. त्या निबंधानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९०१ मध्ये, रानडे वारले. त्यांनी दाखवलेल्या वाटेने शतकभर पुढे जाऊन एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील साध्या घरांपर्यंत पोचावयास हवे होते. पण तिकडे संशोधकांचे पाय क्वचितच वळले, कारण ते कागद जुने म्हणून जपावे इतके जुने नव्हते, आणि उपयोगाचे म्हणून ठेवावे इतके नवे राहिले नव्हते.

वर्तमानपत्रांचे नेमके हेच झाले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, हे शाळकरी मुलासही सांगता येते. पुण्यात १८४९ साली निघालेला 'ज्ञानप्रकाश' शंभर वर्षांहून अधिक काळ चालला, हे जाणकारांना ठाऊक असते. 'केसरी'विषयी तर बोलावयासच नको. पण ठाण्याचा 'अरुणोदय', रत्नागिरीचा 'सत्यशोधक', सोलापूरचा 'कल्पतरू', साताऱ्याचा 'शुभसूचक', धुळ्याचे 'खानदेश वैभव', 'बेळगाव समाचार', ही आठवड्यातून एकदा निघणारी, चारदोन पानांची, एका माणसाच्या हिमतीवर चालणारी पत्रे ज्या गावांतून निघत, त्या गावांचे रोजचे जगणे दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडत नाही. मृगाचा पाऊस किती पडला, ज्वारीबाजरीची धारण काय, मामलेदारसाहेबांची स्वारी कोठे आहे, यात्रेत पाण्याचे हाल कसे झाले, कोणती नाटकमंडळी किती दिवस मुक्काम करून आहे, तालुक्याचा रस्ता ओढ्याशी कसा तुटला आहे, हे सर्व एका मागून एक येते. आणि शेवटच्या पानावर जाहीर नोटिसा: भावाभावांत वाटणी झाल्याची, घर गहाण असल्याची, दत्तक घेतल्याची, कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याची. राजकीय अग्रलेखासाठी जुने अंक धुंडाळणारा अभ्यासक हे पान उलटतही नाही. आणि एखाद्या पेठेचा किंवा आळीचा इतिहास लिहावयाचा असेल तर या पानापासूनच आरंभ करावा लागतो.

दुःखाची गोष्ट अशी, की या लहान पत्रांपैकी कित्येकांच्या फायली आज कोठेही सलग उपलब्ध नाहीत, आणि त्यांचा जो अंश उरला आहे तो सरकारच्या संशयामुळे उरला आहे. देशी वृत्तपत्रे काय लिहितात यावर नजर ठेवण्यासाठी मुंबई सरकारने १८६८ पासून दर आठवड्यास त्यांतील मजकुराचे इंग्रजी सारांश तयार करवून घेण्याचा क्रम ठेवला. हे अहवाल गोपनीय म्हणून छापले गेले, दफ्तरी दाखल झाले आणि टिकले; मुंबईच्या ज्या दफ्तरखान्याची स्थापना १८२१ सालची, तेथे ते आजही पाहावयास मिळतात. ज्या पत्राचा मूळ अंक नाहीसा झाला, त्यातील चार ओळी अशा रीतीने इंग्रजीत का होईना वाचता येतात. परंतु सारांश करणाराला राज्यकारभारावरची टीका हवी होती, बाजरीची धारण नको होती; नोटिसा नकोत, नाटके नकोत, ओढ्याशी तुटलेला रस्ता तर क्वचितच. म्हणजे जे रोजचे होते तेच पुन्हा गळाले. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारात दाखल करण्याचे बंधन आले, म्हणून पुस्तकांच्या निदान याद्या तरी आहेत; राष्ट्रीय ग्रंथालयांना वृत्तपत्रे पाठवण्याचे बंधन आले ते १९५६ साली. मधल्या काळातील अंक जेथे टिकले तेथे ते सार्वजनिक वाचनालयांच्या आस्थेवर टिकले. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. या आणि अशा संस्थांतून ज्या कोणा ग्रंथपालाने वर्षाअखेर अंक मोजून, लावून, पुठ्ठ्यात बांधून फडताळात ठेवले, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, आणि उपकार मात्र त्याचेच असतात.

त्यातही कागदाचा स्वभाव आड येतो. जुन्नरला किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने केलेला कागद चिंध्यांचा किंवा तागासारख्या तंतूंचा असे, आणि त्यावरची शाई काजळाची. काजळ म्हणजे कोळसाच. तो उडत नाही, फिका पडत नाही. म्हणून १७५० सालचे मोडी पत्र उलगडले तर रेघ न् रेघ काळीभोर असते आणि कागद दुमडीवरही चिवट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि वर्तमानपत्रे त्यावर छापली जाऊ लागली. या कागदात आम्ल असते, ते आतल्या आत तंतू खाते, आणि उजेड व उष्णता यांनी ते काम अधिकच वेगाने होते. पेशवाईतील हिशेबाचा कागद सहज हाताळता येतो, आणि १९२० सालचे दैनिक उलटताना पानाचा कोपरा बोटात राहतो. जवळचा काळ असा दूरच्या काळाआधी नाहीसा होत चालला आहे.

वर्तमानपत्राचे सुटे कागद घरांतून मात्र अनपेक्षित जागी तग धरून असतात. ट्रंकेच्या तळाशी, फडताळाच्या फळीवर, आणि विशेषतः तसबिरींच्या पाठीमागे. आमच्या ओटीवर एक मोठे समूहछायाचित्र टांगलेले होते. घर रिकामे करताना त्याची चौकट उघडली तेव्हा फळी आणि छायाचित्र यांच्यामध्ये घडी घातलेले वर्तमानपत्राचे अर्धे पान निघाले, त्यावर महिना होता, वर्ष फाटले होते. त्या अर्ध्या पानाने चौकट बसवल्याचा काळ सांगण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच पानातील आम्लाने छायाचित्राच्या पाठीवर आपल्या घड्यांचे तपकिरी डाग उमटवून ते अधूही केले. ज्याने पुरावा आणला त्यानेच इजा केली.

छायाचित्रणाची कला मुंबईस फार लवकर आली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तिच्या कामात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी लवकरच स्वतःचा व्यवसाय थाटला. त्याच काळात विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे घेऊन १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत ग्रंथ काढला. माणसांची छायाचित्रे त्याने वेगळी घेतली, पार्श्वभूमीची वेगळी, आणि दोन्ही जोडून एक चित्र बनवले; म्हणजे ज्या देवळापुढे किंवा ज्या किनाऱ्यावर ती मंडळी उभी दिसतात तेथे ती कदाचित कधी गेलीही नसतील. पण मला त्याहून अधिक टोचते ते हे, की चित्राखाली जातीचे नाव आहे, धंद्याचे नाव आहे, माणसाचे नाव नाही. एक मनुष्य पागोटे नीट करून, श्वास आवरून त्या यंत्रापुढे उभा राहिला, आणि तो कोण हे कोणी लिहून ठेवले नाही.

याच्या शेजारी दुसरे एक छायाचित्र ठेवून पाहावे. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात १८८५ च्या ऑक्टोबरात घेतलेले, आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली या तिघींचे. आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या या तिघी आज जगभर नावानिशी ओळखल्या जातात, याचे साधे कारण असे, की छायाचित्राखालीच तिघींची नावे आणि गावे नमूद केलेली आहेत. आनंदीबाई १८८६ साली वैद्य झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास निधन पावल्या, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचेही नव्हते. तरी त्यांचे मन आपल्याला इतके जवळून माहीत आहे ते त्यांच्या पत्रांमुळे, आणि ती पत्रे हाताशी घेऊन काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले म्हणून. त्याच चरित्रामुळे आणि आठवणींमुळे आपल्याला हेही कळते, की आनंदी हे सासरचे नाव. माहेरी ती यमुना होती.

इतकी भाग्यवान स्त्री एखादीच. आमच्या ओटीवरच्या छायाचित्रात सतरा माणसे होती. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली छायाचित्रकाराचे ठसठशीत नाव. ज्यांनी पैसे देऊन ते काढवले त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोठे नाही. खुर्च्यांवर बसलेले पुरुष वडील मंडळींनी ओळखून सांगितले. स्त्रिया मात्र 'मोठ्या वहिनी', 'धाकट्या काकू', 'आत्याबाई' अशा नात्यांनीच उरल्या होत्या, कारण त्यांना घरात नावाने हाक मारणारे कोणी नव्हतेच. पतीने पत्नीचे नाव घ्यावयाचे नाही, पत्नीने पतीचे घ्यावयाचे ते उखाण्यात, आणि माहेरचे नाव तर लग्नाच्या मांडवातच बदलून गेलेले. उजव्या कडेला, जमिनीवर, लुगड्याच्या ओझ्याने अवघडलेली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती. ती आमची पणजी, एवढे सर्वांना ठाऊक होते. सासरचे तिचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर होते. ती कोणाच्या घरून आली, तिला तिच्या आईने काय नाव ठेवले होते, हे सांगणारे कोणी राहिले नव्हते.

अशा वस्तू एरवी माळ्यावर जातात आणि माळा त्या राखतो. जुन्या वाड्यातील माळा हे आपल्या समाजाचे खरे दफ्तर होते, आणि ते दोन प्रकारांनी नष्ट झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतून शिरले. माणसे गेली, घरे गेली, त्या शोकात कागदांचा शोक कोणी करावा? पण नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील जुन्या घरांतून जे भिजले आणि चिखलात मिसळले, त्यात किती पिढ्यांची पत्रे, जन्मपत्रिका, हिशेबाच्या चोपड्या होत्या, त्यांची मोजदाद होणे शक्य नाही. दुसरा प्रकार सावकाश झाला. वाडे पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या, आणि सदनिकेला माळा नसतो. जी वस्तू चार पिढ्या केवळ जागा होती म्हणून राहिली होती, तिच्याविषयी एका रविवारी दुपारी निर्णय करावा लागतो, आणि रद्दीवाला दाराशी उभा असतो.

त्या घाईत आमची तार वाचली ती कशी, हे मलाही नीट सांगता येणार नाही. तिच्यावरचे कागद वरून खाली सोडवावे लागत, म्हणजे अखेरचे पत्र आधी आणि पहिले शेवटी, आणि त्यामुळे घरातील माणसांची आयुष्ये मी उलटी वाचीत गेलो. सेवानिवृत्त झालेले गृहस्थ नोकरीस लागले, नोकरीस लागलेले परीक्षेस बसले. वरच्या थरातील पत्रांत पणजीला 'गं. भा. काकूंस' म्हणून नमस्कार येत होते. कितीतरी कागद उतरल्यावर एका कार्डात ती 'सौ. काकू' झाली, आणि तेथून खाली बराच काळ ती सौभाग्यवतीच राहिली, मग 'सौ. वहिनी', मग 'चि. सौ. सूनबाई'. कागद जीर्ण होत चालले, छिद्रांभोवतीचा गंज वाढत चालला.

सर्वांत खालच्या कार्डावर पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक होते आणि किंमत पाव आणा, म्हणजे ते १९११ नंतरचे आणि १९२२ पूर्वीचे. मजकूर मोडीत होता. मोडी उत्तम जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. पणजीच्या वडिलांनी आपल्या व्याह्यांना लिहिलेले पत्र ते. राजमान्य राजश्री, कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, येथील क्षेम, पाऊस बरा आहे, दिवाळसणाचे आमंत्रण. शेवटच्या ओळीपाशी ते गृहस्थ थांबले आणि त्यांनी भिंग मागितले. मुलगी लहान आहे, कामाची सवय नाही, चुकल्यास सांभाळून घ्यावे, अशा अर्थाची ती ओळ होती, आणि तिच्यात वडिलांनी सवयीने आधी तिचे माहेरचे नाव लिहिले होते, मग त्यावर एक बारीक रेघ ओढून पुढे सासरचे लिहिले होते. काजळाच्या शाईत रेघेखालचे नाव स्वच्छ वाचता येत होते.

तसबिरीतून काढलेले ते छायाचित्र मी पालथे केले, उजव्या कडेला ती मुलगी बसली आहे त्या जागेच्या मागे, मऊ शिशाच्या पेन्सिलीने, पुठ्ठ्यावर भार न देता, दोन्ही नावे लिहिली, आणि त्यांच्या खाली कार्डाचा तारेवरचा क्रमांक घातला.